वाचकांचे प्रश्न : लोह वाढलंय म्हणजे नेमकं काय झालंय?

मागच्या अंकात मी ॲनिमियावर लिहिलं होतं. त्यात ओघात एक वाक्य येऊन गेलं, की प्रत्येक फिकट माणसाला लोहाची गोळी द्यायची नसते. त्या एका वाक्यावर जितकी पत्रं आली तितकी बाकीच्या सगळ्या लेखावर आली नाहीत. बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : लोह कमी पडतं हे माहीत आहे, पण जास्त होतं म्हणजे काय? यंदाचं सदर त्यालाच दिलं आहे. नावं गाळली आहेत, तालुके ठेवले आहेत.

प्रश्न : मी यावल तालुक्यातला केळी बागायतदार, वय 52, वजन 91 किलो. जळगावला सगळ्या तपासण्यांचं पॅकेज केलं, त्यात फेरिटिन 742 आलं. लॅबच्या कागदावर 300 पर्यंत नॉर्मल आहे. दोन वर्षांपासून शुगरची गोळी सुरू आहे. घरच्यांनी लोखंडी कढई माळ्यावर टाकली, मेथी बंद, गूळ बंद. एक मित्र म्हणतो, रक्त काढून टाकत जा. घेणं शनिवार-रविवार असतं. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी कढई माळ्यावरून खाली काढा.

तुमच्या अंगात सगळं मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं, एखाद्या लहान खिळ्याएवढं. त्यातलं बहुतांश रक्ताच्या लाल पेशींत. रोज आतड्यातून आत येतं ते फक्त एक ते दोन मिलिग्रॅम आणि तेवढंच त्वचेच्या, आतड्याच्या गळणाऱ्या पेशींबरोबर जातं. साखर जास्त झाली तर लघवीतून पडते, मीठ जास्त झालं तर मूत्रपिंड बाहेर टाकतं. लोहासाठी शरीरात अशी सोय नाही. म्हणून सगळी राखण आत येण्याच्या दारावर आहे. यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक तयार करतं आणि ते आतड्याला सांगतं, ‘आता पुरे’. हे संप्रेरक सापडलं 2000-2001 च्या सुमाराला. मी एमबीबीएस शिकले तेव्हा पुस्तकात ते नव्हतंच.

फेरिटिन हे लोह साठवायचं कोठार. पण ते दुसऱ्या कारणांनीही वाढतं. यकृतावर चरबी, शुगर, दारू, कुठलाही ताप, अंगातली सूज, या प्रत्येकात फेरिटिन चढतं आणि लोह मात्र जागच्या जागी असतं. डेंग्यूच्या साथीत मी हजारांतले आकडे पाहिले आहेत, महिन्याभरात ते आपोआप खाली आले. तुमचं वजन, शुगर आणि शनिवार-रविवार पाहता माझा पहिला संशय यकृतावरच्या चरबीवर आहे.

तेव्हा एक तपासणी करा : ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. सकाळी उपाशीपोटी. रक्तात लोह वाहून नेणाऱ्या गाड्या किती भरल्या आहेत हे त्यात टक्क्यांत कळतं. 45 च्या आत आलं तर खरोखर लोह साठल्याची शक्यता बरीच कमी. सोबत पोटाची सोनोग्राफी, यकृतासाठी एसजीपीटी, अंगातल्या सुजेसाठी सीआरपी, कावीळ बी आणि सी. दारू पूर्ण थांबवा, कमी नव्हे. दारू हेपसिडिन दाबते, मग आतडं जास्त लोह आत घेतं आणि यकृतालाही त्याच वेळी मार बसतो, दोन्हीकडून. तीन महिन्यांत सहा-सात किलो वजन उतरवा आणि फेरिटिन पुन्हा करा. माझ्याकडे असे पुष्कळ बागायतदार येतात, त्यांतल्या बहुतेकांचा आकडा एवढ्यानेच निम्म्यावर येतो.

सॅच्युरेशन दोनदा 45 च्या वर आलं तर मात्र गोष्ट वेगळी. मग आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिसचा विचार करावा लागतो. त्यात आतड्याचं दार जन्मापासून सैल असतं. त्याचा मुख्य जनुक 1996 मध्ये सापडला. त्यातला जो बदल युरोपात घरोघर दिसतो तो आपल्याकडे फार विरळा आहे, त्यामुळे भुसावळमधल्या माझ्या 31 वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये या आजाराचा पक्का असा एकच पेशंट मला मिळाला. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. शुगर होती, अंगाचा रंग तांब्याच्या भांड्यावर काळपट चढावा तसा झाला होता, आणि तक्रार काय, तर सायकलचा ब्रेक दाबताना तर्जनी आणि मधल्या बोटाची मुळं दुखतात. दोन्ही हातांची, तीच दोन बोटं. मी संधिवाताची औषधं देत राहिले. कोणीतरी त्यांच्या धाकट्या भावाच्या यकृताचा विषय काढला तेव्हा मला सुचलं. सॅच्युरेशन 86 टक्के निघालं. त्या दोन बोटांचं दुखणं ही या आजाराची जुनी ओळख आहे, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

त्यांचा उपचार म्हणजे तुमचा मित्र सांगतो तेच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दर आठवड्याला साडेचारशे मिलिलीटर रक्त काढायचं. एका पिशवीत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह जातं. शरीर नवं रक्त बनवायला साठ्यातलं लोह उचलतं आणि कोठार रिकामं होत जातं. फेरिटिन पन्नासच्या आसपास आलं की वर्षातून तीन-चार वेळा पुरतं. त्यांना नऊ महिने लागले. थकवा गेला, शुगर तेवढी राहिली, कारण स्वादुपिंडाचं झालेलं नुकसान भरून येत नाही. तुम्ही मात्र निदानाशिवाय यात पडू नका.

आणि कढईबद्दल. लोखंडी भांड्यात आंबट भाजी शिजली की लोह जास्त उतरतं हे खरं. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के ॲनिमिक निघाल्या. तुमच्या एका आकड्यापायी घरातल्या बायकांच्या ताटातलं लोह काढून घेऊ नका. वांग्याची भाजी त्याच कढईत होऊ द्या.

प्रश्न : माझा मुलगा 9 वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर (अंगात रक्त नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार). आठ महिन्यांचा होता तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो, एकही तारीख चुकवली नाही. फेरिटिन 3,800 आहे. लोह उतरवायची गोळी पाण्यात विरघळवून द्यायला सांगितली आहे, पण त्याला मळमळतं, शाळेची गडबड असते, म्हणून कधी देतो, कधी राहते. तो खेळतो, पळतो, बरा दिसतो. रक्त वेळेवर आहे ते पुरेसं नाही का? (पाचोरा)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. नऊ वर्षं एकही तारीख न चुकवणं म्हणजे काय असतं हे मला माहीत आहे. पहाटेची पहिली गाडी, जेवणाचा डबा, ब्लड बँकेची खिडकी, त्याच गटाची पिशवी नाही म्हणून पुन्हा खेपा. हे सगळं तुम्ही केलं आहे, म्हणूनच हे स्पष्ट लिहिते : नाही, पुरेसं नाही.

हिशोब बघा. एका पिशवीत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह. तीन आठवड्यांना एक पिशवी धरली तर वर्षाच्या सतरा-अठरा. मुलाला वजनाप्रमाणे मिळणारं रक्त पिशवीपेक्षा थोडं कमी-जास्त असेल, पण वर्षाकाठी साडेतीन ग्रॅमच्या आसपास लोह जातं. म्हणजे एका मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात जेवढं असतं तेवढं, दर वर्षी, आणि वर सांगितलं तसं ते बाहेर पडायला वाट नाही. आहारातल्या लोहाला आतड्याचं दार तरी आहे. रक्तातून येणारं लोह ते दार ओलांडून थेट आत येतं.

ते आधी यकृतात भरतं. मग स्वादुपिंडात, म्हणून या मुलांना कोवळ्या वयात शुगर होते. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत, म्हणून उंची थांबते आणि वयात यायचं लांबतं. थायरॉइडमध्ये. आणि हृदयात. थॅलेसेमियाची मुलं पूर्वी विशीच्या आत जायची ती रक्त कमी पडून जशी, तशीच हृदयात साठलेल्या लोहानेही. हृदय बराच काळ काहीच सांगत नाही. एका आईने मला विचारलं होतं, ‘बाई, मना पोऱ्या ते खेळस, मग लोखंड कोठे शे?’ तोच तुमचाही प्रश्न आहे. तो खेळतो, कारण तुम्ही रक्त देता. लोह साठतंय की नाही हे त्याच्या खेळण्यावरून कळत नाही.

साधारण दहा ते वीस वेळा रक्त दिल्यावर, किंवा फेरिटिन हजाराच्या वर गेलं, की लोह उतरवायचं औषध सुरू करतात. पहिलं औषध होतं डिफेरॉक्झामिन, साठच्या दशकातलं. ते पोटाच्या कातडीखाली सुईने, छोट्या पंपावर, रात्रभर आठ ते बारा तास, आठवड्याला पाच ते सात रात्री. माझ्याकडे तेव्हा एक मुलगी यायची, तिच्या पोटावर कडक गाठींच्या दोन रांगा होत्या, सुई कुठे टोचायची हे ती स्वतः बोटाने दाखवायची. 1995 पासून आपल्याकडे डिफेरिप्रोन ही कॅप्सूल मिळू लागली. आणि 2005 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली त्या डिफेरासिरॉक्सच्या गोळ्या, दिवसातून एकदा. तुमच्या मुलाची तीच असावी.

आता मळमळीबद्दल. विरघळणारी गोळी चघळायची नाही, गिळायची नाही. साध्या पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात ढवळून पूर्ण विरघळवायची. दुधात आणि सोड्याच्या पेयात नाही, त्यात फेस होतो आणि ती नीट मिसळत नाही. रिकाम्या पोटी, जेवणाआधी निदान अर्धा तास. तळाला गाळ राहिला तर थोडं पाणी घालून तोही पाजा. रोज एकच वेळ धरा. सकाळी शाळेची धांदल असेल तर संध्याकाळी खेळून आल्यावर, जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, फक्त तोवर मधे काही खाल्लेलं नको. तरीही ओकारी येत असेल तर डॉक्टरांना कोटिंगवाल्या गोळीबद्दल विचारा. ती हलक्या खाण्याबरोबर चालते आणि बऱ्याच मुलांना सोसते. तिचा डोस वेगळा असतो, म्हणून मनाने बदलू नका. जुलाब-उलट्या, तीव्र ताप असेल त्या दिवशी ती थांबवून डॉक्टरांना फोन करा, कारण शरीरात पाणी कमी असताना तिचा मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. म्हणून क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन आणि यकृताच्या चाचण्या महिन्याला, डोळे-कान वर्षातून एकदा.

डिफेरिप्रोन दिलं तर लघवी लालसर होते. ते रक्त नसून निघालेलं लोह आहे, घाबरू नका. पण त्या औषधावर ताप किंवा घसा दुखणं आलं तर गोळी बंद करून त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायचं. क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक घसरतात. तापाच्या गोळीवर दोन दिवस काढू नका.

फेरिटिन दर तीन महिन्यांनी. आणि हृदयात, यकृतात साठलेलं लोह मोजणारा एमआरआय टी-टू-स्टार एकदा तरी करून घ्या, त्यासाठी तुमच्या मुलाचं वय झालं आहे. साध्या एमआरआयमध्ये हे लोह मोजता येत नाही, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं, जाण्याआधी फोन करून तेवढंच विचारा. हृदयाचा आकडा 20 मिलिसेकंदांच्या वर असला तर छान, 10 च्या खाली असला तर थांबायला वेळ नसतो, तेव्हा दोन औषधं एकत्र द्यावी लागतात. चांगली गोष्ट ही, की हृदयातलं लोहही उतरतं. वेळ लागतो, पण उतरतं.

खाण्यावर फार बंधनं घालू नका. गूळ, पालेभाज्या, कळण्याची भाकरी खाऊ द्या, रक्तातून येतंय त्यापुढे ताटातलं लोह क्षुल्लक आहे. टाळायचं ते हे : लोहाची टॉनिकं, लोह मिसळलेल्या पावडरी, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या. जेवणाबरोबर कपभर चहा मात्र या मुलांना चालतो. रक्त द्यायच्या आधीचं हिमोग्लोबिन 9 ते साडेदहा राखलं तर आतड्यातून लोह कमी शोषलं जातं, तेही डॉक्टरांशी बोला.

आणखी एक, जे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आहे, प्रमाणपत्र काढा. या मुलांसाठी सरकारी धोरणाने रक्ताचं शुल्क माफ आहे. सख्खं भावंड असेल तर एचएलए चाचणी (दोघांच्या पेशी जुळतात का ते पाहणारी) करून बोनमॅरो बदलण्याचा विचार करा, 2017 पासून कोल इंडियाची मदत योजनाही आहे.

त्या गाठींच्या मुलीची आई केळीच्या व्यापाऱ्याने दिलेल्या कॅलेंडरवर औषध दिलेल्या प्रत्येक रात्रीला लाल खूण करायची. दर वेळी ते कॅलेंडर गुंडाळून आणायची आणि माझ्या टेबलावर उघडायची. खुणा दाट असल्या की फेरिटिन कमी, विरळ झाल्या की वर. मुलगी आता तिशीपार आहे आणि प्राथमिक शाळेत शिकवते.

प्रश्न : सुनेचं हिमोग्लोबिन तीन वर्षं 9.8 च्या वर जात नाही. गोळ्या झाल्या, दोनदा सलाईनमधून लोह दिलं. आता तिला दिवस गेले आहेत, तिसरा महिना लागला. डॉक्टर पुन्हा लोहाचं इंजेक्शन म्हणतात. सीबीसीचा कागद सोबत जोडला आहे. (शिरपूर)

उत्तर : मावशी, कागद बघितला. सून थकत नाही, शेतात जाते असं तुम्ही लिहिता, ते वाचूनच मी चपापले. तिच्या पेशींचा आकार (एमसीव्ही) 61 आणि लाल पेशींची संख्या 57 लाख, म्हणजे 5.7. 61 ला 5.7 ने भागा, 10.7 येतं. हा भागाकार 13 च्या खाली आला की लोहाच्या कमतरतेपेक्षा थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे त्या आजाराच्या नुसत्या वाहकपणाचा, संशय जास्त. लोह कमी असताना पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही घटते. मायनरमध्ये पेशी लहान, पण संख्या भरपूर. भागाकाराने निदान होत नाही, फक्त पुढचा दरवाजा कुठे ठोठवायचा ते कळतं.

याच आठवड्यात दोन तपासण्या : फेरिटिन आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी. त्यातला ए-टू हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आलं तर मायनर. आणि त्याच दिवशी, वाट न बघता, तुमच्या मुलाचीही एचपीएलसी करा. मायनर स्वतः ठणठणीत असतो. पण नवरा-बायको दोघेही मायनर असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर होण्याची शक्यता 25 टक्के, आणि तुमच्याकडच्या पट्ट्यात सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक आजारही आहे. एकाला मायनर, दुसऱ्याला सिकलचा वाहकपणा, तरी बाळाला त्रास होऊ शकतो. गर्भाची तपासणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात होते, नाहीतर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भाभोवतीचं पाणी काढून. म्हणून घाई.

फेरिटिन कमी निघालं तर मायनरलाही लोह द्यावं लागतं, तसं होतं. फोलिक ॲसिड चालूच ठेवा. फेरिटिन चांगलं असेल तर आणखी इंजेक्शन नको. रोज खाल्लेल्या गोळीपेक्षा शिरेतून गेलेलं लोह वेगळं, ते आतड्याचं दार चुकवून जातं आणि राहतं.

एवढं पोटतिडकीने का लिहिते ते सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला चोपडा तालुक्यातली एक शिक्षिका माझ्याकडे येत असे. हिमोग्लोबिन दहाच्या आत-बाहेर. मी चार वर्षं तिला लोह लिहून दिलं. गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणाली, मी कंपनी बदलली. एचपीएलसीला नमुना तेव्हा मुंबईला पाठवावा लागे आणि मला तो पाठवायचं सुचलं नाही. तिचं दुसरं बाळ जन्मानंतर सातव्या महिन्यात माझ्याकडे आलं तेव्हा कागदासारखं पांढरं होतं. मेजर. तिने मला काही बोललं नाही, फक्त विचारलं, ‘मॅडम, हे आधी कळलं असतं का?’ मी हो म्हटलं. तेव्हापासून लहान पेशींचा प्रत्येक सीबीसी मी स्वतः भागून बघते.

प्रश्न : मी आशा सेविका आहे, साक्री तालुका. माझ्या हद्दीत अडीच वर्षांच्या पोराने आईच्या लाल गोळ्या खाल्ल्या. उलट्या झाल्या, मग दुपारी खेळायला लागला, म्हणून घरचे थांबले. रात्री एकदम गळून पडला. वाचला, पण मला कळेना मधे बरा कसा झाला. (साक्री)

उत्तर : ताई, तो बरा झाला नव्हता. लोहाच्या विषबाधेत हा मधला शांत काळ असतो, साधारण सहा तासांनंतर सुरू होतो आणि चोवीस तासांपर्यंत टिकतो. पहिल्या उलट्या आतड्याला झालेल्या जखमांच्या. मग लोह रक्तातून यकृताकडे, हृदयाकडे जातं तोवर पोर खेळतं.

गरोदर बाईच्या एका लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह. समजा पोर 11 किलोचं, गोळ्या 10, म्हणजे किलोमागे 55 मिलिग्रॅम. किलोमागे 20 पासून त्रास होतो आणि 60 च्या वर जिवाला धोका. रंग लाल, वर साखरेचा लेप, पोराला ती गोळी खाऊसारखीच वाटते.

पुन्हा असं कुठे झालं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. इतर विषबाधांत देतात तो कोळसा लोहाला धरत नाही, त्यावर वेळ घालवू नका. पोर हसत-खेळत असलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात, शक्यतो धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला हलवा. तिथे पोटाच्या एक्स-रेमध्ये गोळ्या कधीकधी दिसतात, आणि गरज पडली तर डिफेरॉक्झामिन सलाईनमधून देतात. वरच्या पत्रातल्या पाचोऱ्याच्या ताईंना सांगितलं तेच जुनं औषध. गोळ्या किती वाजता खाल्ल्या ते कागदावर लिहून घ्या. आणि रिकामं पाकीट टाकून न देता सोबत न्या, त्यातले रिकामे खड्डे मोजूनच किती लोह गेलं त्याचा अंदाज डॉक्टरांना बांधता येतो.